मिस्त्रीकाकांना विचारा: मांजर बसते त्या फरशीखाली

*काका, गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे. संध्याकाळी पाणी हात भाजेल इतकं तापतं आणि पहाटे पाचला कोमट येतं. मिस्त्रींनी ट्यूब गेल्या म्हणून चार बदलल्या, फरक नाही. आता म्हणतात, अख्खा सोलरच बदला. घर तीन वर्षांचं आहे, भिंतीला कुठेही ओल नाही. (ता. क. थंडीत सुखी आहे ती फक्त आमची मांजर. बाथरूमच्या दाराशी एकच फरशी धरून रात्रभर झोपते.)*
*– एक गृहिणी, उदगीर*

ताई, तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट ताज्या कलमातच आहे. उद्या पहाटे चपला काढा आणि त्या फरशीवर अनवाणी उभ्या राहा. शेजारच्या फरशीपेक्षा ती उबदार लागली तर सोलरवाल्याला बोलावू नका, मांजरीला दूध द्या.

पण मांजरीच्या शब्दावर फरशी फोडायची नाही. आधी एक रात्र घालवा. गच्चीवर सोलरच्या टाकीतून गरम पाणी खाली उतरतं, तिथे कॉक असतो. रात्री दहाला सगळ्यांचं उरकलं की तो बंद करा आणि पहाटे उघडा. टाकीचा एअर पाइप, म्हणजे हवा-वाफ जाणारी वरची उघडी नळी, मोकळा असला की कॉक बंद ठेवण्यात धोका नाही. लाइनमधलं गार पाणी निघून गेल्यावर कढत पाणी आलं, तर टाकी आणि ट्यूब दोन्ही ठणठणीत आहेत, पाणी खालच्या लाइनमधून जातंय. गरम पाणी गळालं की त्याची जागा गार पाणी घेतं आणि पहाटेपर्यंत सगळं कोमट होतं. मिस्त्रीला वाटतं, सोलर तापत नाही.

काढलेल्या चार ट्यूब भंगारात गेल्या नसतील तर त्यांचं बंद टोक बघा. तिथे आरशासारखा चंदेरी पट्टा असतो. ट्यूबच्या दोन काचांमध्ये हवा शिरली की तो पांढरा पडतो. पट्टा चंदेरीच असेल तर चांगल्या ट्यूब बदलून तुमच्याकडून पैसे घेतले गेले. भांडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

घरात प्रेशर पंप आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पंप फक्त गार लाइनवर असेल तर आणखी एक भानगड होते. बाथरूममधल्या गरम-गार मिक्सर नळाच्या दोन्ही चाव्या उघड्या आणि पुढचा हँडशॉवर बंद, असं राहिलं की पंपाच्या जोराने गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं, उलटं सोलरच्या टाकीत चढतं आणि एअर पाइपमधून गच्चीवर सांडतं. गळती कुठेच नसते, पाणी मात्र जातं. एअर पाइपखाली गच्चीवर क्षाराचा पांढरा ओघळ दिसतो का बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड, की ते जिथून जातं तिथे सही करून जातं.

ओघळ नाही, पंप नाही आणि फरशी कोमट, तर मग फरशीखालचा जॉइंटच. भिंतीला ओल नाही याचं नवल वाटू देऊ नका. फरशीखालच्या भरावात पाणी मुरत राहतं, वर यायला त्याला महिने लागतात. जागा नेमकी हेरायला मी अजून जुनीच रीत वापरतो. रात्री सगळं निजलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉकच्या पितळेवर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. गळती असली की आत बारीक सूंऽऽ आवाज येतो. एकेका कॉकला ऐकत जायचं, जिथे आवाज मोठा तिथे गळती जवळ. प्लॅस्टिकच्या पाइपातून आवाज लांब पोहोचत नाही, म्हणून पाइपावर न ऐकता पितळेवर ऐकायचं.

कारण बहुतेक वेळा एकच निघतं. गरम लाइनला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप, आणि तो चिकटवायला त्याचंच सोल्युशन लागतं. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ८० अंशांच्याही वर जातं. तिथे कुणी गार पाण्याचा यूपीव्हीसी तुकडा जोडला, किंवा डबा संपला म्हणून दुसरंच सोल्युशन फासलं, की जॉइंट दोन-तीन वर्षांत मान टाकतो. तुमचं घर तीन वर्षांचं आहे.

दुरुस्तीबद्दल माझं मत ऐका. पुरलेली लाइन दोन्ही टोकांना बंद करा आणि नवी लाइन भिंतीवरून उघडी न्या, वर फोमचं कव्हर चढवा. पाहुण्यांना दिसेल, दिसू द्या. उघडी लाइन गळाली तर त्याच दिवशी कळतं.

*मिस्त्रीकाका, आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. गच्चीवरची १००० लिटरची टाकी पूर्वी चार दिवस पुरायची, आता तीन. माणसं तेवढीच. सासूबाई म्हणतात भाडेकरू जास्त वापरतात, भाडेकरू म्हणतात गळती आहे. मीटर बघा असं सगळे सांगतात, पण नळच रोज येत नाही तर मीटर काय बघणार?*
*– जालना*

बरोबर बोललात. सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का बघायचं, ही युक्ती चोवीस तास पाणी असलेल्या गावाची. आपलं मीटर म्हणजे टाकी आणि खडू. रात्री शेवटचा माणूस झोपला की टाकीत काठी उभी बुडवून ओल्या रेघेवर खूण करा. पहाटे कुणी उठायच्या आत परत बुडवा. हजार लिटरची गोल टाकी साधारण एक मीटरहून थोडी जास्त रुंद असते, म्हणजे एक सेंटिमीटर उतरलं की नऊएक लिटर गेले. मग दुसऱ्या रात्री भाडेकरूंचा कॉक बंद ठेवा, तिसऱ्या रात्री स्वतःचा. तीन रात्रींत सासूबाईंना उत्तर मिळेल, कुणाशी तोंड वाजवावं लागणार नाही.

तरी काठीच्या आधी फ्लश तपासा. फ्लशच्या टाकीत कपड्याच्या निळीचे आठ-दहा थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं कुणाला जाऊ देऊ नका. कमोडमध्ये निळी रेघ उतरली की चोर सापडला. आत एक रबरी वॉशर असतो, क्षार धरून तो कडक होतो आणि नीट बसत नाही. पाणी कमोडच्या पाठीला चिकटून उतरतं, ना आवाज ना थेंब.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो ते स्वतःच्या घरच्या शरमेमुळे. एप्रिल २०१६, दुष्काळातलं आमचं लातूर. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेकीत ५०,००० लिटर. अख्खा देश आमच्याकडे बघत होता. मी गावभर लोकांचे नळ दुरुस्त करत फिरत होतो, आणि घरी टँकरचं पाणी दोन दिवस लवकर संपायला लागलं. बायकोवर ओरडलो. तिने काही न बोलता काठीला खडूची रेघ मारली आणि सकाळी माझ्यापुढे धरली, सहा सेंटिमीटर. म्हणजे एका रात्रीत चोपन्न लिटर. माझ्याच फ्लशचा वॉशर! ती काठी अजून जिन्याखाली आहे, मला फेकू देत नाही.

टाकी आणि फ्लश निर्दोष निघाले तर जमिनीतल्या हौदाकडे वळा. येणारा-जाणारा पाइप बंद करून दोन-तीन दिवस पातळी बघा. पाणी उतरत जाऊन एका उंचीवर थांबलं, तर त्या रेषेवर बोट फिरवा. फट तिथेच असते.

*गीझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. शेजारच्यांनी तिथे टोपी बसवून टाकली, आम्हीही बसवू का?*
*– परभणी*

नाही! आणि शेजाऱ्यांनाही आजच काढायला सांगा. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांवरून ६० वर गेलं की २५ लिटरच्या टाकीत जवळजवळ ४०० मिली पाणी वाढतं. पाणी मागे जायला जागा नसेल तर ते त्या व्हॉल्व्हमधून बाहेर येणारच. तुम्ही टोपी बसवली तर गीझर बॉम्ब होतो. व्हॉल्व्हला नळी लावून बादलीत सोडा.

तापवताना ठिबकणं ठीक. गीझर गार असतानाही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला आहे किंवा पंपाचा दाब जास्त आहे. खालच्या झाकणातून, वायरच्या बाजूने पाणी येत असेल तर मुख्य बटण बंद करून आधी माणूस बोलवा. गीझर लावला की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, पडत असेल, तर क्षाराने कॉइलची नळी फुटलेली असू शकते. पडणारं बटण काढून साधं बसवून देतो म्हणणारा भेटला, तर त्याला चहाही देऊ नका.

*नळ आला की पहिल्या दोन-तीन बादल्या गढूळ, वासाच्या येतात. मग स्वच्छ पाणी येतं. आमच्या एकट्याच्याच घरी असं होतं.*
*– बीड*

एकट्याच्याच घरी म्हणजे दोष तुमच्या जोडणीतच. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, पावसात फुगते, त्या ओढाताणीत पाइपचा सांधा निसटतो. नळ चालू असताना त्या सांध्यातून पाणी बाहेर जातं, नळ गेला की पाइप रिकामा होताना बाहेरचं पाणी आत ओढतो. शेजारून गटार गेलं असेल तर काय येतं ते वेगळं सांगायला नको. रस्त्यापासून हौदापर्यंतची लाइन एकदा उकरून बघा, गटाराजवळचा भाग आधी. तोवर पहिल्या बादल्या झाडांना, आणि प्यायचं पाणी उकळून.