दुसऱ्याच्या भाषणावर बोलायचंय, तरी जीभ अडते

“सर, भाषण माझं नाहीच. दुसऱ्याच्या भाषणावर बोलायचंय. तरी घशाला कोरड पडते.”

वक्तृत्वाच्या वर्गात तिला एका गाजलेल्या भाषणाचं विश्लेषण पाच मिनिटांत मांडायचं होतं. तिने निवडलं होतं स्वामी विवेकानंदांचं ११ सप्टेंबर १८९३ चं शिकागोच्या सर्वधर्म परिषदेतलं भाषण. वहीभर खुणा: इथे पुनरुक्ती, इथे विराम, इथे श्लोक. दोनदा तिने आपला नंबर पुढे ढकलला होता.

“असा आवाज माझ्याकडे नाहीच.”

कुठला आवाज? तर इंटरनेटवर फिरणारी ध्वनिफीत. त्या भाषणाचं अस्सल ध्वनिमुद्रण उपलब्धच नाही, हे सांगितल्यावर ती आधी गप्प झाली, मग हसू लागली. कुणा अनोळखी कलाकाराला ती इतके दिवस घाबरत होती.

मग मी तिला त्यांचं २ नोव्हेंबर १८९३ चं पत्र वाचायला दिलं, शिष्य आळसिंगा पेरुमल यांना लिहिलेलं. छाती धडधडत होती, जीभ जवळजवळ सुकली होती, सकाळी बोलायचं धाडसच झालं नाही, असं त्यात आहे. बाकीचे तयार भाषणं घेऊन आलेले, यांच्याकडे काहीच नाही.

“म्हणजे त्यांनीपण ढकललं?”

ढकललं, पण दुपारी उभे राहिले. टाळलं की लगेच हायसं वाटतं, म्हणून तर ती सवय चिकटते; आणि ‘मला जमणार नाही’ हे खोटं ठरायची संधीच मिळत नाही.

मला स्वतःला त्या भाषणाचा शेवट जास्त शिकवतो. परिषदेच्या सन्मानार्थ आज सकाळी वाजलेली घंटा धर्मवेडाची मृत्युघंटा ठरो, असं ते म्हणतात. घाबरलेला माणूस सकाळपासून त्या सभागृहात काय चाललंय ते ऐकत होता. ही मुलगी मात्र इतर बोलत असताना मनात स्वतःचंच पहिलं वाक्य घोकत बसायची.

आम्ही ठरवलं: पाठ फक्त सुरुवातीची दोन वाक्यं, पुढे नुसते मुद्दे. आधी एका मैत्रिणीसमोर, मग तिघींसमोर. आणि त्या दिवशी आपल्या आधी बोलणाऱ्याचं निदान एक वाक्य टिपून घ्यायचं.

नंतर तिचा फोन आला. हात थरथरले, दुसरा श्लोक अर्धाच आठवला. आधीच्या मुलाचं वाक्य मात्र तिने मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. सुरुवात तिने त्यावरूनच केली होती.