नॉमिनेशन नामंजूर असताना व्हिसाच्या अपिलावर पैसे घालावेत का?

तुम्ही ऑस्ट्रेलियात आहात. कंपनीचं नॉमिनेशन (तुम्हाला ट्रेनिंगसाठी घेण्याचा तिचा अर्ज) नामंजूर झालं, म्हणून पाठोपाठ तुमचा सबक्लास 407 ट्रेनिंग व्हिसाही नाकारला गेला. शिल्लक 9,000 डॉलर. कंपनी म्हणते, ‘आमच्याही अपिलाची फी तुम्ही भरा, मग अर्ज करतो.’ या अटीवर एक डॉलरही देऊ नका. स्पॉन्सरशिपच्या मोबदल्यात पैसे घेणं आणि देणं, दोन्ही तिथे 2015 पासून दंडनीय आहे.

तुमच्या प्रकरणात खरा निर्णय नॉमिनेशनचा आहे. अपील ऐकणारं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल सगळं प्रकरण नव्याने तपासतं, नवे कागदही घेतं. पण नॉमिनेशन मंजूर नसेल तर व्हिसा तुमच्या पदरात टाकू शकत नाही. त्यामुळे कंपनीने नॉमिनेशनच्या नकाराविरुद्ध ट्रिब्युनलकडे वेगळा अर्ज केला आहे का, हे आधी विचारा. केला असेल तर ट्रिब्युनलची पोच मागा. तोंडी भरवशावर राहू नका. अपिलाची मुदत 28 दिवसांची आहे, ती वाढवून मिळत नाही, आणि कंपनीचे दिवस तिला मिळालेल्या नकाराच्या पत्रापासून मोजले जातात. ते पत्र तुमच्या पत्राच्या आधीचं असेल तर तिची मुदत कदाचित उलटलीही असेल. ईमेलने आलेला निर्णय त्याच दिवशी मिळाला असं धरतात, तुम्ही तो केव्हाही उघडा.

पोच मिळाली, तरी नॉमिनेशन का पडलं ते वाचा. बहुतेकदा ट्रेनिंग प्लॅनमध्ये साध्या नोकरीचं वर्णन असतं: कोणत्या आठवड्यात काय शिकवणार, कोण शिकवणार, त्याची पात्रता काय, प्रगती कशी तपासणार, यातलं काहीच नाही. हे दुरुस्त करता येतं. मात्र 407 च्या कौशल्यवाढीच्या प्रकारात गेल्या 24 महिन्यांत त्या व्यवसायातला किमान 12 महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव किंवा शिक्षण लागतं. नकार त्यावर असेल आणि पुरावा नसेल, तर नुसता प्लॅन सुधारून काही होणार नाही.

आता हिशोब. जुलै 2025 पासून तुमच्या अपिलाची फी 3,580 डॉलर. जिंकलात तर निम्मी परत, हरलात तर काही नाही. तीव्र आर्थिक अडचण दाखवता आली तर फी निम्मी होऊ शकते. एजंटचे पैसे वेगळे. त्याच्याकडून लेखी कोटेशन घ्या. निकालाला बराच काळ लागतो, तोवरचा आरोग्य विमा आणि घरभाडंही याच शिलकीतून जाणार. ब्रिजिंग व्हिसावर (निकाल लागेपर्यंत तिथे राहण्यासाठीचा तात्पुरता व्हिसा) काम करता येतं का, हे व्हिसाच्या अटींत बघा. पगार चालू राहणार नसेल तर 9,000 पुरणार नाहीत, असंच मी धरतो.

म्हणून, कंपनीची पोच, दुरुस्त करता येईल असं कारण आणि कामाची परवानगी, तिन्ही असतील तरच फी भरा. एक जरी नसेल तरी पैसे राखा. अपील न केल्यास ब्रिजिंग व्हिसा ए साधारणपणे निर्णय कळल्यावर 35 दिवसांनी संपतो. नकारानंतर हातात ब्रिजिंग सोडून दुसरा मूळ व्हिसा नसेल तर तिथूनच बहुतेक नवे अर्ज करता येत नाहीत. तिकीट आणि बाहेरून नव्या स्पॉन्सरसह करायच्या अर्जाचा खर्च आधी बाजूला काढा.