इफेससची चार नाणी आणि म्युनिकचं पार्सल

प्रश्न : ऑक्टोबरात आम्ही तुर्कस्तानच्या सहलीला गेलो होतो. इफेसस या प्राचीन ग्रीक-रोमन शहराच्या अवशेषांबाहेर एका माणसाने रुमालात बांधलेली जुनी तांब्याची नाणी दाखवली. शेतात नांगरताना सापडली, म्हणाला. चार नाणी १२० युरोंना घेतली. पावती नाही. विमानतळावर कुणी अडवलं नाही. आता म्युनिकचा भाचा म्हणतो, "मावशी, इकडे पाठव, जाणकाराकडून ओळखून घेतो." सहलीतले एक गृहस्थ मात्र म्हणतात, तुमच्यावर केस होईल. फोटो जोडले आहेत. काय करू?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, आधी महत्त्वाचं सांगतो. पार्सल पाठवू नका. भाचा दिवाळीला आला तर त्याच्या बॅगेतही देऊ नका. बाकी सगळं सावकाश निस्तरता येईल, पण नाणी एकदा देशाबाहेर गेली की तुम्हाला वाचवणं अवघड होईल.

आपल्याकडे पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा, १९७२ आहे. त्यातल्या 'पुरावस्तू'च्या व्याख्येत अगदी सुरुवातीलाच नाण्याचं नाव येतं. शंभर वर्षांपेक्षा जुनं असलं की पुरे. ते भारतात पाडलेलं असावं, अशी अट तिथे नाही. म्हणजे रोमन साम्राज्याच्या एखाद्या प्रांतातलं नाणंही नाशिकच्या कपाटात आलं की या कायद्याच्या कक्षेत येतं. कलम ३ नुसार केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही पुरावस्तू निर्यात करता येत नाही. कलम २५ मध्ये त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. भाच्याला प्रेमाने पाठवलेलं पार्सल ही कायद्याच्या भाषेत निर्यातच. पलीकडे जर्मनीतही २०१६ पासून, मूळ देशाचा कायदा मोडून बाहेर काढलेल्या सांस्कृतिक वस्तू आणायला बंदी आहे. तेव्हा भाचाही अडकेल.

नुसती घरात ठेवण्याबद्दल घाबरू नका. ज्या पुरावस्तूंची नोंदणी सक्तीची आहे, त्या यादीत मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं आहेत, नाणी नाहीत.

खरी अडचण तुर्कस्तानच्या बाजूने आहे. तिथल्या १९८३ च्या २८६३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे जमिनीतून निघालेलं असं नाणं सरकारच्या मालकीचं. शेतकऱ्याला सापडलं तर त्याने तीन दिवसांत कळवायचं असतं. विकायचा त्याला हक्कच नाही, म्हणून तुम्हालाही मालकी मिळालेली नाही. देशाबाहेर नेण्याला ५ ते १२ वर्षांची शिक्षा आहे. विमानतळावर कुणी अडवलं नाही म्हणून गुन्हा घडला नाही, असं होत नाही.

पण थांबा. हे सगळं नाणी खरी असतील तर. मी स्वतः सातवाहनांची तांब्याची आणि पोटिनची (तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रधातूची) नाणी बरीच वर्षं जमवतो, त्यामुळे तुमचे फोटो मोठे करून तासभर पाहत बसलो. दुसऱ्या आणि चौथ्या नाण्यावर सम्राटाच्या कानामागे एकाच जागी, एकाच आकाराचा खड्डा आहे. हाताळून झिजलेल्या दोन नाण्यांना अगदी तीच इजा होत नसते. वर दोघांच्या कडेवर फिरणारी बारीक रेघ दिसते, ती साच्याच्या जोडाची. ही दोन ओतीव नकला आहेत असं मला वाटतं. इफेससच्या परिसरात पर्यटकांना अशा नकला सर्रास विकतात.

तिसरं नाणं मात्र वेगळं आहे. मागच्या बाजूवर हात पसरून उभी आर्टेमिस देवी, दोन्ही बाजूंना हरणं आणि ग्रीक अक्षरांत 'एफेसिओन', म्हणजे 'इफेससच्या लोकांचं'. मध्यभागी सुईच्या टोकाएवढा खळगा आहे. त्या भागातल्या कितीतरी खऱ्या नाण्यांवर तो दिसतो. पहिल्याबद्दल फोटोवरून काही सांगता येत नाही.

आता यातली गोम पाहा. रोमचं सोनं-चांदी व्यापारात दूरवर गेलं, आपल्या किनाऱ्यापर्यंत आलं. शहरोशहरी पाडलेली ही तांब्याची चिल्लर मात्र बहुतेक त्याच पंचक्रोशीत फिरायची. म्हणून इफेससचं नाणं इफेससच्या वेशीवर घेतलं असेल, तर ते तिथल्याच मातीतून निघालं असं कोणतंही न्यायालय सहज मानेल. नाणं जितकं नेमकं ओळखाल, तितका तुर्की सरकारचा दावा पक्का होत जाईल. तरीही ओळख करून घ्याच. कारण नकलांना यातलं काहीच लागू नाही, आणि खऱ्याचं काय करायचं हे त्यानंतरच ठरेल.

त्यासाठी नाणं हलवायची गरज नाही. वजन (सोनाराच्या काट्यावर), व्यास, दोन्ही बाजू आणि कडेचे फोटो एवढं पुरतं. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा रोमन प्रांतिक नाण्यांचा सूचिकोश ऑनलाइन मोफत आहे. शहर आणि सम्राट टाकून भाचा म्युनिकमध्ये बसून जुळवून पाहू शकतो. पुरावस्तू आहे की नाही याचा अधिकृत निर्णय कलम २४ खाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. नकलांसाठी 'पुरावस्तू नाही' असा दाखला मिळाला, तर त्या खुशाल पाठवा.

खरी निघालीच, तर परत करावीत असं माझं स्पष्ट मत आहे. १९७६ साली तामिळनाडूतल्या पत्तूर गावी एका मजुराला जमीन खणताना नटराज सापडला आणि विकत विकत लंडनला पोचला. तिथल्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये देवळाचा हक्क मान्य केला, म्हणून तो आपल्याला परत मिळाला. तो निकाल मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. इफेससच्या शेतातल्या वस्तूला वेगळा न्याय मला लावता येणार नाही. पण परत पाठवणं हीसुद्धा निर्यातच. म्हणून स्वतः घेऊन जाऊ नका, टपालानेही नाही. वकिलामार्फत मुंबईतल्या तुर्की वाणिज्य दूतावासाला आधी फक्त पत्र जाऊ दे, तुमचं नाव न घालता. रीतसर मार्ग दोन्ही सरकारांकडून ठरला की मगच नाणी द्या. तोवर तुर्कस्तानचा पुढचा प्रवास टाळा.

तोवर कुठे, कधी, कितीला घेतली हे आठवेल तसं लिहून ते पत्र म्हणून तुमच्या वकिलाला द्या. पक्षकार आणि वकील यांच्यातल्या अशा मजकुराला साक्षीच्या कायद्याचं संरक्षण आहे. सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ते नाही. तिथे 'शेतात सापडलेली' असं पुन्हा लिहू नका, पण जे लिहिलं गेलं आहे ते डिलीटही करू नका. पुरावा पुसल्यासारखं दिसेल.

आणि ताई, देवघरातल्या तांब्यासारखी ही चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. वरचा हिरवट थर आणि खाचेत अडकलेली माती हाच खरं-खोटं ठरवायचा मोठा आधार असतो. चारही नाणी वेगवेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा आणि वकिलाकडे जाताना खरेदीच्या दिवशीचे मूळ फोटो असलेला फोन घेऊन जा.