पहिलं पूल टेबल घेतोयस? आधी खाली वाकून बघ

अरे पॉलिश आणि नक्षीदार पाय बघून भुलू नकोस, टेबलाचा जीव असतो कापडाखालच्या स्लेटमध्ये. चांगल्या टेबलाला साधारण १ इंच जाडीची खरी दगडी स्लेट असते, बहुतेक वेळा ३ तुकड्यांत, कारण अखंड लादी उचलणं म्हणजे दिव्यच. ते तुकडे फ्रेमवर स्क्रूने बसवतात, लेव्हल करतात आणि मग सांध्यात वितळवलेलं मेण ओतून, गार झालं की पात्याने असं तासतात की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. हे काम घाईत झालं ना, तर हळू मारलेला बॉल बरोबर सांध्यावर वळतो, मी स्वतः असल्या टेबलावर सहा महिने खेळलोय आणि चूक माझ्या हाताचीच आहे असं समजत बसलो!

एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं टेबल स्वस्त पडतं पण दमट हवेत फुगतं, वाकतं, शक्यतो नकोच. कुशनचं, म्हणजे बॉल जिथे आपटून परत येतो त्या कडेचं रबर अंगठ्याने दाबून बघ, लगेच उसळायला हवं. रेल, म्हणजे हे कुशन बसवलेली कडेची पट्टी, स्लेटमधून आरपार बोल्टने घट्ट आवळलेली हवी, नाहीतर बॉल आपटल्यावर 'ठक्क' असा पोकळ आवाज येतो. कापड नंतर बदलता येतं, त्याचं टेन्शन घेऊ नकोस.