हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे, पण काहीच त्रास नाही. पुढे काही गुंतागुंत होऊ शकते का?

आपण लिहिले आहे की रक्तदान शिबिरानंतर फोन आला, सहा महिन्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीतही एचबीएसएजी (हा विषाणू अंगात आहे का ते सांगणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्हच आले, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) मात्र नॉर्मल आहे, आणि जवळच्या डॉक्टरांनी ‘तुम्ही नुसते कॅरियर आहात, विसरून जा’ असे सांगितले. गुंतागुंत होऊ शकते, आणि ती काहीही त्रास नसताना वर्षानुवर्षे आत घडत राहते. विसरून जा हा सल्ला मला अजिबात मान्य नाही, कारण माझ्या थोरल्या भावाला हाच सल्ला मिळाला होता.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला होता. दारू नाही, तंबाखू नाही, श्रावणात सिद्धेश्वराचा एकही सोमवार चुकवला नाही. हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेल्या रक्ततपासणीत त्याला हिपॅटायटिस बी असल्याचे कळले. ऑपरेशन झाले, घडीघडीला येऊ नका असे सांगण्यात आले, आणि तो पुन्हा पाळीवर जाऊ लागला. पुढे ज्या ज्या वेळी काही कारणाने रक्त तपासले गेले, त्या त्या वेळी प्लेटलेट्स कमी निघाल्या, आणि प्रत्येक वेळी त्याचा दोष तापावर गेला. एसजीपीटी नॉर्मलच्या आसपासच असे. आपणही ज्या आकड्यावर विसंबला आहात तो हाच. यकृताच्या पेशी मरत असतील तेव्हा हे विकर रक्तात उतरते; पेशींच्या जागी व्रणांची जाळी तयार होऊन गेली असेल तर आकडा शांत दिसू शकतो. अण्णाच्या प्लेटलेट्स कमी होत्या, कारण त्याची प्लीहा, म्हणजे पानथरी, फुगलेली होती, आणि प्लीहा फुगली होती, कारण यकृत आक्रसून घट्ट झाले होते. त्यालाच सिरॉसिस म्हणतात.

एका पहाटे रात्रपाळीहून आल्यावर त्याला रक्ताची उलटी झाली. मोरीत काळसर गुठळ्या पडल्या होत्या, आणि तो भिंतीला टेकून, घाबरू नका, शिळे खाल्ल्यामुळे झाले असेल, असे आम्हालाच समजावत होता. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दिसल्या. ओढ्याला आडवा बांध पडला की पाणी शेजारच्या शेतातून वाट काढते, तसे घट्ट यकृतातून न जाणारे रक्त या पातळ शिरांकडे वळते आणि एखादे दिवशी त्या फुटतात. त्या शिरांना रबरी बँड लावले, पोटात साठलेले पाणी सुई घालून काढले, आणि विषाणूला दाबून ठेवणारी टेनोफोविरची गोळी सुरू झाली. ही गोळी इतकी उशिरा सुरू झाली तरी उपयोगी पडते, आणि अण्णालाही काही काळ ती पडली.

मला रक्तापेक्षाही जास्त लागले ते पुढचे. तो दिवसा झोपू लागला आणि रात्री जागा राहू लागला. तपासताना डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात समोर ताठ धरून पंजे वर करायला सांगितले, तेव्हा पंजे दर क्षणाला खाली गळत आणि पुन्हा उचलले जात. चालत्या मागावर तुटलेल्या धाग्याची गाठ न बघता मारणारे ते हात होते. यकृताकडून न गाळलेला अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचला की असे होते. त्यावर लॅक्टुलोजचे पातळ औषध देतात आणि पोट साफ ठेवायला सांगतात. त्या दिवसांत माझे मामा त्याला काविळीचे औषध देणाऱ्याकडे घेऊन जायला निघाले होते. गळ्यात माळ घालून फारसे बिघडत नाही, पण पोटात घ्यायचा अनोळखी काढा अशा उरल्यासुरल्या यकृतालाही गाळात घालतो, म्हणून मी रिक्षा परत पाठवली. मामा तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात.

नंतरच्या सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली, रक्तात एएफपी (यकृताच्या कॅन्सरची शंका दाखवणारे प्रथिन) वाढलेले निघाले, आणि गाठ काढता येण्याची वेळ निघून गेलेली होती. तेराव्याच्या जेवणाला मामा चार माणसांत म्हणाले, ‘‘आतून पीत असणार रे, त्याशिवाय लिव्हर जात नाही.’’ मी म्हणालो, ‘‘मामा, अण्णाने आयुष्यात थेंब घेतला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.’’ त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. वहिनी आतल्या खोलीत ऐकत होत्या. या वाक्याचे उत्तर मला आजही द्यावेसे वाटते, म्हणून ते इथे देतो. हा विषाणू दारूची वाट पाहत नाही. तो आपली जनुकीय सामग्री यकृताच्या पेशीच्या जनुकांत घुसवतो, आणि त्यामुळे हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला सिरॉसिस नसतानाही यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. दारूने धोका वाढतो हे खरे, पण दारू नसल्याने तो टळत नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने तर तो कितीतरी पटींनी वाढतो, आणि शेंगाची चटणी रोज ताटात असणाऱ्या आपल्या सोलापूरकरांनी काळे पडलेले, कडवट दाणे निवडून फेकलेच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते. ते सगळे आतून पीत नव्हते.

आता आपल्यापुरते. एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, मोजून घ्या. त्याबरोबर एचबीईएजी (विषाणू किती जोमात वाढतो आहे याचा अंदाज देणारी चाचणी), प्लेटलेट्स, पोटाची सोनोग्राफी आणि जमल्यास यकृत किती घट्ट झाले आहे ते मोजणारा फायब्रोस्कॅन. हिपॅटायटिस सी, डी आणि एचआयव्ही यांचीही तपासणी एकदा करून घ्यावी. डी हा विषाणू बी असलेल्यालाच होतो आणि दुखणे वेगाने वाढवतो. औषध लागो न लागो, ठरावीक काळाने पुन्हा तपासणे चुकवू नका, आणि सिरॉसिस असेल किंवा घरात यकृताच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व एएफपी झालेच पाहिजे. कोणत्याही आजारासाठी स्टेरॉइड किंवा केमोथेरपी सुरू होणार असेल, तर हा रिपोर्ट आधी डॉक्टरांपुढे ठेवा, कारण दबलेला विषाणू त्या औषधांनी उसळतो आणि त्यात माणसे दगावली आहेत. क्वचित मूत्रपिंडांनाही या आजाराची झळ बसते, तेव्हा पायाला सूज किंवा लघवीला फेस आला तर ते अंगावर काढू नका.

आमच्या घरी अण्णानंतर मी सर्वांची तपासणी करायला लावली. मी निगेटिव्ह निघालो आणि लशीचे तीन डोस घेतले. आई पॉझिटिव्ह निघाली, धाकटी बहीण पॉझिटिव्ह निघाली. तान्हेपणी लागण झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये ती कायमची राहते, तर मोठेपणी झालेली लागण बहुतेकांची आपोआप जाते. म्हणजे आईकडून बाळंतपणात आलेला विषाणू अण्णा आणि बहीण या दोघांनी सगळा जन्म सोबत वागवला असणार. बहीण आज टेनोफोविर घेते, तिच्या रक्तात विषाणू सापडत नाही, आणि तिच्या बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दोन्ही मिळाले. ते बाळ निगेटिव्ह आहे, याचा मला अभिमान आहे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला गोळी लागतेच असेही नाही. बालपणी लागण होऊन ती कायम राहिलेल्या आणि उपचार न मिळालेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा या आजाराने अकाली जातो, म्हणजे उरलेले जात नाहीत. मात्र एकदा गोळी सुरू झाली की बरे वाटते म्हणून ती मनाने थांबवू नये. थांबवल्यावर यकृत एकाएकी निकामी झाल्याची उदाहरणे आहेत. गोळी चालू असताना मूत्रपिंडांची तपासणी करत राहावी लागते. एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने हा आजार पसरत नाही. पसरतो तो रक्तातून आणि शरीरसंबंधातून, म्हणून वस्तरा व टूथब्रश वेगळे ठेवा, ताटवाटी वेगळी करू नका, आणि पत्नीला लस द्या. खर्चाचे म्हणाल तर केंद्र सरकारचा विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आहे. त्याखाली तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात, तेव्हा आधी आपल्या सिव्हिलला चौकशी करा.

आणि आपल्या घरातही यकृत फक्त दारूनेच जाते म्हणणारे कोणी असतील, तर त्यांना आधी स्वतःचे एचबीएसएजी करायला सांगा. माझी आई पॉझिटिव्ह आहे आणि मामा तिचे सख्खे भाऊ आहेत. आईला हा विषाणू आजीकडून आला असेल तर तो त्यांनाही आलेला असू शकतो. मी त्यांना हे दोनदा समजावून सांगितले आहे. त्यांनी अजून तपासणी केलेली नाही, त्यांच्या मुलांनीही नाही, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या सुनेचे बाळंतपण आहे.