गेटवर दर वेळी थांबवतात म्हणून वैतागलेल्या मुलीला

अगं,

तुझा मेसेज वाचला. कोरियातल्या तुझ्या शाळेच्या गेटवर पहारा देणाऱ्या आजोबांनी परत थांबवलं, कार्ड मागितलं, रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं, आत फोन करून विचारलं, तोवर तुझ्या चाळीस मिनिटांच्या वर्गातली दहा गेली, आणि त्याच वेळी चित्रकलेच्या कोरियन मॅडम मान झुकवून सरळ आत निघून गेल्या. राग येणारच. तू विचारलंस की हे मी परदेशी आहे म्हणून का? थोडं हो, बरंचसं नाही, आणि यातलं काय कुठलं हे तुला ओळखता यायला हवं, नाहीतर तू सगळ्यावरच चिडशील किंवा सगळंच मुकाट सोसशील, दोन्ही वाईट.

आधी तिथली भीती कुठून आली ते समजून घे. कोरियातल्या प्राथमिक शाळा पूर्वी खूप मोकळ्या होत्या, कित्येक ठिकाणी तर कुंपणाच्या भिंती मुद्दाम पाडल्या होत्या, संध्याकाळी आजूबाजूचे लोक मैदानात चालायला यायचे. मग 2010 मध्ये सोलमध्ये एका शाळेच्या आवारातूनच एका माणसानं आठ वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन अत्याचार केला. 2018 च्या एप्रिलमध्ये सोलच्याच बांगबे भागातल्या शाळेत एकजण मी इथला माजी विद्यार्थी आहे, सर्टिफिकेट हवंय असं सांगून आत शिरला, गेटवर कोणी ओळखपत्र बघितलं नाही, आणि त्यानं स्टाफरूममध्ये एका मुलीला चाकू लावून ओलीस धरलं. मुलगी सुखरूप सुटली, पण तेव्हापासून गेटवरच्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात तो दिवस आहे. तुला थांबवणारे आजोबा त्या ‘आयडी न बघता सोडलं’ या एका वाक्याला घाबरून असतात. त्यांच्या हातात अधिकार काही नाही, जबाबदारी मात्र सगळी.

आणि मग 10 फेब्रुवारी 2025, देजॉन. दोलबोमचा, म्हणजे शाळेनंतर मुलं सांभाळायचा वर्ग संपवून निघालेल्या पहिलीतल्या मुलीला शाळेतल्याच एका शिक्षिकेनं ठार मारलं. बाहेरचं कोणी नव्हतं, परदेशी कोणी नव्हतं. वर्ग सुटला आणि मुलगी बाहेर न्यायला आलेल्या माणसापर्यंत पोचायची होती, त्या मधल्या काही मिनिटांत ती एकटी होती. त्यानंतर शिक्षण मंत्रालयानं सांगितलं की पहिली-दुसरीची मुलं नुलबोम, म्हणजे शाळेनंतरचे वर्ग, संपल्यावर पालकाच्या किंवा पालकांनी आधी कळवलेल्या माणसाच्या समोरासमोर ताब्यात द्यायची. ती मधली मिनिटं आता तुझ्यासारख्यांच्या वाट्याला आली आहेत, कारण दुपारी एकनंतर शाळेत मुलांबरोबर असतात ते बरेचसे बाहेरून आलेलेच शिक्षक, कोणी इंग्लिशचे, कोणी बुद्धिबळाचे, कोणी रोबोटिक्सचे, कंपनीमार्फत आलेले, आठवड्यात तीन शाळा फिरणारे. तुझा चेहरा आजोबांना आठवड्यातून एकदाच दिसतो. चित्रकलेच्या मॅडम रोज येतात. एवढं साधं कारण बऱ्याचदा असतं.

आता परदेशी असल्याचा भाग. तो आहेच, नाही म्हणून मी तुला खोटं सांगणार नाही. 2007 मध्ये कोरियात शिकवलेला एक परदेशी शिक्षक मुलांवरच्या अत्याचारासाठी थायलंडमध्ये पकडला गेला आणि त्यानंतर ई-2 व्हिसासाठी, म्हणजे परदेशी भाषा-शिक्षकांच्या व्हिसासाठी, आपल्या देशातल्या पोलिसांचा दाखला आणि मेडिकल सक्तीचं झालं. दाखल्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मुलांजवळ जाणाऱ्याची चौकशी व्हायलाच पाहिजे, कोरियन शिक्षकांचीही लैंगिक गुन्ह्यांची आणि बाल अत्याचाराची नोंद तपासली जातेच. पण त्या मेडिकलमध्ये परदेशी शिक्षकांची एचआयव्ही टेस्टही होती, कोरियन शिक्षकांना नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं ती पुन्हा करून घ्यायला नकार दिला, नोकरी गेली, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत नेलं, 2015 मध्ये समितीनं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि 2017 मध्ये कोरियानं ती टेस्टच काढून टाकली. हे नीट लक्षात ठेव, कारण माझी कसोटी इथूनच येते: जो नियम सगळ्यांना आहे तो कितीही जाचक वाटला तरी पाळायचा, मनापासून पाळायचा. जो फक्त तुझ्या रंगाला किंवा पासपोर्टला आहे त्याबद्दल शांतपणे, लेखी विचारायचं. भांडायचं नाही, पण गिळायचंही नाही.

तुझ्या बाबतीत मला काय वाटतं सांगू? तुझ्या नावाचा घोळ आहे. पासपोर्टवर आडनाव, तुझं नाव, बाबांचं नाव, असं लांबलचक, ते सगळं रेसिडेन्स कार्डावर कॅपिटलमध्ये, कंपनीनं शाळेला दिलेल्या यादीत तेच कोरियन लिपीत कोणीतरी अंदाजानं लिहिलेलं, आणि मुलं-पालक तुला भलत्याच छोट्या नावानं ओळखतात. आजोबांनी जुळवायचं कसं? कंपनीच्या मॅनेजरला सांग की कोरियन लिपीतलं एकच स्पेलिंग ठरवा, तेच यादीत, तेच गळ्यातल्या कार्डावर, फोटोसकट, आणि सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी गेटवर एक प्रत द्या. आणि आजोबांना दर वेळी ‘सुगोहासिम्निदा’, म्हणजे ‘तुम्ही कष्ट घेताय’, असं म्हण, थांबून, मान झुकवून. त्यांचं नाव विचार. खुशामत म्हणून नाही गं, तो माणूस थंडीत उभा राहून तुझ्याच वर्गातली पोरं राखतोय. एवढं करूनही फक्त तुलाच अडवत असतील तर मग तो दुसऱ्या प्रकारातला विषय, तेव्हा तारीख-वेळ लिहून मॅनेजरमार्फत शाळेला मेल.

गुन्ह्यांची नोंद तपासायच्या संमतीचा फॉर्म प्रत्येक शाळा वेगळा मागते, ‘मागच्या शाळेत दिलाय’ म्हणून चिडू नकोस, भरून टाक. शाळा बदलताना मात्र एक काळजी घे: ई-2 वर इमिग्रेशनच्या नोंदीत जी जागा आहे तिथेच शिकवायचं, कंपनी ‘दोनच दिवस जाऊन या’ म्हणाली तरी कागद झाल्याशिवाय जायचं नाही. शंका आली तर इमिग्रेशनच्या 1345 वर फोन कर, इंग्लिशमध्ये बोलतात. भारतीय पासपोर्टवर हा व्हिसा मुळात सहज मिळत नाही हे तुला माहितीच आहे, अमेरिका-इंग्लंड धरून सातच देशांच्या लोकांना तो रस्ता सरळ आहे, आपल्याला 2010 च्या भारत-कोरिया करारातून सहाय्यक शिक्षक म्हणून दार किलकिलं झालं. तो व्हिसा कंपनीच्या निष्काळजीपणापायी घालवू नकोस.

आता मुलं सोडायचं. इथे मात्र मी तुला कडक सांगणार आहे. वर्ग सुटला की पिशवी आवरायच्या आधी मुलं. पहिली-दुसरीच्यांची यादी हातात, कोणाला कोण न्यायला येतं ते नावासकट, आई, आजी, तायक्वांदोचे सर, हागवनची, म्हणजे खाजगी क्लासची, पिवळी गाडी. तायक्वांदोचे सर घाईत असतात, चार शाळांची पोरं गोळा करत असतात, लांबूनच हात करून ‘पाठवा’ म्हणतात. पाठवायचं नाही, त्यांच्यापर्यंत जायचं. नवीन माणूस दिसला तर मूल कितीही ‘माझे काका आहेत’ म्हणालं तरी आईला फोन, फोन लागेपर्यंत मूल तुझ्याजवळ. तुझं कोरियन अडखळतं म्हणून संकोचू नकोस, ‘आईशी बोलल्यावर सोडते’ एवढं एक वाक्य घोकून पाठ कर. मूल मधेच टॉयलेटला गेलं आणि परत यायला वेळ लागला तर वर्ग थांबवून बघायला जा, किंवा बाजूच्या वर्गातल्या शिक्षकाला हाक मार. दाराची काच पोस्टरनं झाकू नकोस. आणि एखाद्या मुलाच्या अंगावर वळ दिसले, घरी जायला रडलं, तर ‘मी बाहेरची, मी कशाला पडू’ हा विचार बाजूला ठेव, कायद्यानं तूही कळवायला बांधील आहेस, नंबर 112.

छोटी पोरं येऊन मिठी मारतात तेव्हा काय करायचं असंही तू विचारलंस. मी तर खाली बसते, सगळ्यांसमोर, टाळी देते, मिठी मारली तर पाठीवर थोपटून सोडते. दगडासारखी उभी राहू नकोस. पोरांना आजूबाजूला कुलपं, कॅमेरे, कार्डं दिसतच असतात, निदान तुझ्याकडे आल्यावर त्यांना आपण कोणाचा तरी त्रास आहोत असं वाटायला नको.

शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि यात मी तुझ्या बाजूनं ठाम आहे. गेटवर थांबणं, मुलं एकेक करून सोडणं, उशिरा येणाऱ्या आईची वाट बघणं हे सगळं काम आहे आणि कंपनी तुला फक्त वर्गाच्या मिनिटांचे पैसे देतेय. सुरक्षा वाढवायची आणि तिची वेळ सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या खिशातून काढायची हे मला पटत नाही. पगाराची स्लिप बघ, 3.3 टक्के कापत असतील तर त्यांनी तुला फ्रीलान्सर दाखवलंय, मग ई-2 वर नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट कशाचं केलं हे विचारायला हवं. या महिन्यात रोज किती वाजता गेटवर आलीस आणि शेवटचं मूल किती वाजता गेलं ते फोनमध्ये टिपून ठेव. कामगार खात्याचा नंबर 1350, पण आधी मॅनेजरशी बोल, नीट, कागद समोर ठेवून. नव्या कॉन्ट्रॅक्टचा मसुदा आला की सही करायच्या आधी मला पाठव, रात्री नऊनंतर मी मोकळी असते, दोघी मिळून एकेक कलम वाचू.

तुझी
ताई