नो कॉस्ट ईएमआयवर घेतलं तर खरंच एक रुपयाही जास्त जात नाही का?

तुम्ही विचारलंय की क्रेडिट कार्ड पहिल्या वर्षी फुकट आहे, त्यावर नो कॉस्ट ईएमआयने, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या मासिक हप्त्यांवर, फोन मिळतोय, तर घेऊ का. फोनचं तुमचं तुम्ही बघा. 'नो कॉस्ट'बद्दल मात्र मला बोलायचंय, कारण या दोन शब्दांवरून आमच्याकडे दोन दिवाळ्या वाद चालू आहे.

वॉशिंग मशीन घ्यायला गेलो होतो. किंमत ४८,०००. दुकानदार आपणहून म्हणाला, रोख किंवा यूपीआय करा, दोन हजार सोडतो. मी मोबाइल काढलाही होता. पण सोबत आमचे साडू होते. त्यांच्या पाकिटात नोटा कमी आणि कार्डं जास्त. "अहो, बँकेचे पैसे सहा महिने फुकट वापरायला मिळतायत, आणि तुम्ही स्वतःचे कसले काढताय?" हे बायकोसमोर आणि मेहुणीसमोर. मोबाइल परत खिशात गेला. दरमहा ८,०००, सहा हप्ते. सहा आठे अठ्ठेचाळीस, हिशेब चोख वाटला.

पहिलं स्टेटमेंट आलं. मुद्दल ७,४२५, व्याज ५७५, व्याजावर १८ टक्के जीएसटी १०३. शिवाय प्रोसेसिंग फी १९९, तिच्यावरही जीएसटी. बिनव्याजी हप्त्यात व्याज!

भानगड अशी असते. बँक व्याज लावतेच, मला १५ टक्क्यांनी लावलं. तेवढी रक्कम, माझ्या बाबतीत २,०३२ रुपये, किमतीतून आधी 'सूट' म्हणून वजा करतात आणि हप्त्यांमधून व्याज म्हणून वसूल करतात. सूट आणि व्याजाची फिटंफाट होते, पण व्याजावरच्या जीएसटीला कोणी सूट देत नाही. सहा महिन्यांत तो ३६६ झाला, फी जीएसटीसकट २३५. म्हणजे सहाशे रुपये उघड गेले. आणि दुकानदाराचे ते दोन हजार? २,०३२ शी ताडून बघा. माझ्या मते ते तेच पैसे होते, फक्त माझ्याऐवजी बँकेकडे गेले.

साडूंचं म्हणणं, "तुम्ही अटी वाचल्या नाहीत." वाचल्या होत्या. पण रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रोसेसिंग फीच्या आड लपवलं जातं. २०२२ च्या नियमांत तर स्पष्ट आहे: मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवा, व्याज असताना 'नो कॉस्ट' म्हणून खपवू नका. तेव्हा चष्मा माझा बदलायची गरज नाही.

पुढची चूक माझी, ती कबूल. तिसऱ्या महिन्यात बिल आलं २१,४००. हप्ता त्यातच धरलेला होता. हात आखडलेला होता म्हणून १०,००० भरले. बिलावर 'किमान इतके तरी भरा' म्हणून दिलेल्या रकमेपेक्षा जास्त होते, वाटलं निभावलं. पुढच्या बिलात सातशेच्या वर व्याज. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२! पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदतच गेली होती. राहिलेल्या रकमेवर तर व्याज लागलंच, पण त्यानंतर घेतलेल्या किराण्यावर आणि औषधांवरही खरेदीच्या दिवसापासून लागलं. सहाशेचं दुःख मी उगाच करत होतो.

आणि साडूंचं काय? त्यांच्या कार्डाची वार्षिक फी ९९९, वर्षात ठरावीक खर्च केला की माफ. मार्चमध्ये खर्च कमी पडला म्हणून त्यांनी चौदा हजारांचा व्हॅक्युम क्लीनर घेतला. तो माळ्यावर आहे. मी विषय काढत नाही, पण त्यांच्याकडे गेलो की वर नजर जातेच.

माझं कार्ड मी बंद केलं. कार्डावर काही थकबाकी नसेल तर बँकेला अर्ज मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावंच लागतं, उशीर केला तर ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. हे लक्षात ठेवा.

आता तुमचं. दुकानदार रोखीवर एक पैसा सोडायला तयार नसेल, वस्तू खरंच हवी असेल आणि दर महिन्याला पूर्ण बिल (किमान नव्हे, पूर्ण) खात्यातून आपोआप जाईल अशी सोय केली असेल, तर घ्या. पर्सनल लोनपेक्षा स्वस्तच पडेल. फक्त दुसऱ्या वर्षीची फी आधी विचारा. फोनवरचा मुलगा 'लाइफटाइम फ्री' म्हणाला तर तेच मेलवर लिहून मागा. साडूंनी मागितलं होतं म्हणे. मेल अजून यायचाय.